सिस्टरांकडे चहा मिळत नाही

सिस्टर, तुमची वेताची खुर्ची मी अजून व्हरांड्यातून हलवू दिलेली नाही. नव्या सिस्टर लिसी म्हणाल्या, "आंटी, इसकी सीट टूटी है, स्टोअर में रखवा दूँ?" मी म्हटलं, राहू दे. त्या बिचाऱ्या केरळातून नुकत्याच आलेल्या, माझ्या धाकट्या बहिणीहून लहान. माझ्याशी वाद कसा घालायचा ते त्यांना अजून कळलेलं नाही. ते फक्त तुम्हाला जमायचं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "खुर्चीवर कसला जीव टाकतेस सुनंदा, जीव टाकायला घरात एवढ्या पोरी आहेत." मग मी त्या खुर्चीत बसून बघितलं. सीट खरंच तुटली आहे, मधला वेत टोचतो. इतकी वर्षं तिच्यावर बसत होतात आणि कधी एका शब्दाने बोलला नाहीत.

चर्चमध्ये फादरांनी तुमच्याबद्दल खूप चांगलं सांगितलं. सेवा, त्याग, करुणा. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे कुणाबद्दल बोलताहेत? भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय भाजीवाल्याला न सोडणाऱ्या, क्रिकेटची कॉमेंट्री चालू असताना बिशपांचाही फोन न घेणाऱ्या, सकाळी पोरींच्या वेण्या इतक्या घट्ट घालणाऱ्या की त्यांचे डोळे तिरके व्हावेत, त्या सिस्टर मार्था त्या भाषणात कुठेच नव्हत्या. चहाबद्दल तर फादरांना माहीत असायचं कारणच नव्हतं. बाहेर आले तर मुलींना शाळेत नेणारा रिक्षावाला गमछ्याने डोळे पुसत होता. मला म्हणाला, "दिल की बहुत अच्छी थीं मैडम. बस चाय नहीं पिलाती थीं किसी को." मला रडता रडता हसू फुटलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आपली ओळख झाली ती बाजारात. ह्यांची बदली चिंचवडहून इथल्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात झाली होती. फरीदाबाद म्हणजे तेव्हा नुसते सेक्टरचे आकडे. रस्ते आधी झालेले, घरं अर्धी, आणि माणसं अजून यायचीच होती. दिवसभर कुणाशी मराठीत बोलायला मिळायचं नाही, तर मी कुकरशी बोलायचे. एक दिवस भाजीच्या हातगाडीपाशी पांढऱ्या साडीतल्या एक बाई अळूची पानं उलटसुलट करत पुटपुटल्या, "ही पानं म्हणायची का चाळणी, बाई." मी गर्रकन वळले. तुम्ही वसईच्या, केळीच्या बागायतीतल्या. मी नाव सांगायच्या आत तुम्ही विचारलंत, "गणित येतं का?" मी म्हटलं, बी.एस्सी. झालेय. "मग बुधवारी ये. आमच्या पोरी त्रैराशिक आलं की आजारी पडतात." तेव्हापासून बुधवार तुमचा, तुमच्या त्या निराधार मुलींच्या घराचा झाला. तुमच्या भावाकडून उन्हात वाळवलेली सुकेळी आली की त्यातली चार वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पर्समध्ये कोंबायचात, आणि वर सांगायचात, "घरी जाऊन खा, इथे पोरींना वास येईल."

पहिल्याच महिन्यात मी तुमचा सगळा बेत उधळणार होते, आठवतं? दुसरा रविवार होता. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुलींच्या नातेवाइकांना भेटायला येता यायचं. पलवलहून कुणाचा तरी काका पुतणीला घरी न्यायला आला होता. मे महिन्याचं ऊन, त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. त्याची पुतणी ट्रेमधून पाण्याचा ग्लास घेऊन आली, ठेवून आत गेली. मग बराच वेळ काहीच नाही. तुम्ही आपल्या त्याच्याशी बसच्या वेळांबद्दल बोलताय. आमच्या घरी पोस्टमनलाही बिनचहाचं सोडत नाहीत, माझा जीव खाली-वर व्हायला लागला. मी तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, "चहा टाकायला सांगू का?" तुम्ही माझ्या पायावर पाय दिलात. जोरात दिलात, सिस्टर. नख काळं पडलं होतं. मग काकाला म्हणालात, "कागज़ अभी पूरे नहीं हैं भाईसाहब, अगले महीने आइए," आणि तो कुरकुरत निघून गेला.

नंतर स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंत, आल्याचा वाफाळता चहा दोन कपांत ओतलात आणि मला समजावलंत. ते शब्द मला अजून पाठ आहेत. "बारा वर्षांची पोर मोठ्या माणसासमोर 'मला नाही जायचं' म्हणेल? तिला विचारलं तर ती खाली मान घालून 'जी' म्हणणार. माझ्यासमोरही 'जी', त्याच्यासमोरही 'जी'. म्हणून मी विचारतच नाही. पाणी सगळ्यांना. पाणी देताना ती त्या माणसाला नीट बघते, मग आत येते. मनात असेल तर आलं कुटून चहा करते आणि घेऊन जाते. मनात नसेल तर जिन्याने सरळ वर. पुढचं माझ्याकडे लागलं." मी विचारलं, आलंच कशाला? "बाहेर ऐकू येतं म्हणून. मी खुर्चीत बसून खलबत्त्याचा आवाज ऐकते. आला तर देवाचे आभार. नाही आला, तर कागदांत काय खोट काढायची ते तोवर ठरवून ठेवते." 

मुलींनी तर त्याचा कायदाच करून टाकला होता. "बिना अदरक वाली नहीं गिनते," मोठ्या मुली धाकट्यांना शिकवायच्या. आणि ज्याला चहा मिळाला त्याच्याही हातात तुम्ही पोर अशी उचलून देत नव्हतात. त्याचं घर बघायला जायचात, शेजाऱ्यांकडे चौकशी करायचात, बालकल्याण समितीचा कागद आणायला लावायचात. पण ते सगळं चहानंतर. समितीचा कागद आधीच हातात असला तरीही चहानंतर.

साऱ्या सेक्टरात तुमचं नाव झालं ते चिक्कू म्हणून. सिस्टरांकडे पाणी मिळतं, चहा मिळत नाही. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. उलट स्वतःच्या चहाला तुम्ही स्वयंपाकघराचं दार लावून बसायचात, बाहेरच्या पाहुण्याला वास जाऊ नये म्हणून. मी थट्टा करायचे, "नन बाई चोरून चहा पितात." तुम्ही बशीतला शेवटचा घोट ओढून म्हणायचात, "कन्फेशनमध्ये सांगते की दर वेळी."

पण सिस्टर, मला ते कधीच पुरतं पटलं नव्हतं, आणि हे तुम्हाला माहीत होतं. मी म्हणायचे, ही फसवणूक आहे. वाईट माणसाला फसवा, माझी ना नाही. पण चांगला कोण, वाईट कोण हे ठरायच्या आत तुम्ही सगळ्यांनाच खोटं सांगता. नीलमची मावशी मथुरेहून जवळजवळ वर्षभर महिन्याच्या दर दुसऱ्या रविवारी यायची. पाणी प्यायची, पदराने तोंड पुसायची, 'कागद अपुरे' ऐकायची आणि शेवटची बस गाठायची. आणि मग एका रविवारी आत खलबत्ता वाजला. तुमच्या हातातली जपमाळ थांबली. मावशीने तो चहा साधा चहा समजून प्यायला, आणि वर म्हणाली, साखर कमी आहे. त्या दिवशी मी रडले आणि रडून झाल्यावर तुमच्याशी भांडले. "तिला आधी सांगितलं असतंत तर वर्षभर तिच्या जिवाला घोर लागला नसता." तुम्ही म्हणालात, "सांगितलं असतं तर तो घोर नीलमला लागला असता. चहा आण, चहा आण म्हणून मागे लागली असती मावशी. आणलाच असता पोरीने, घाबरून. मग त्या चहाचा मला काय उपयोग? आणि चांगला असेल तो परत येतो, सुनंदा." हे तुमचं शेवटचं वाक्य ठरलेलं. त्याच्यापुढे माझं काही चालायचं नाही. तरी पुढच्या बुधवारी मी पुन्हा तिथूनच सुरुवात करायचे.

काळजी करायचा मक्ताच घेतलाय मी, असं तुम्ही म्हणायचात. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरते, हे तुम्ही सगळ्या सिस्टरांना सांगितलं होतंत. पण काळजीचे दिवसच आले होते ना. इकडे दिल्लीतल्या द्वारकेपासून नोएडापर्यंत फ्लॅटच फ्लॅट उठायला लागले. नवरा-बायको दोघंही नोकरीला, आणि घरात काम करायला मुलगी हवी. मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या ओळखीच्या एकीने मला कोपऱ्यात घेतलं. "अगं, तुमच्या त्या मुलींच्या घरातली एखादी बघ ना. घरातल्यासारखी ठेवू बिल्कुल." मी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही बटाटे सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "सुमंतीलाही घरातल्यासारखीच ठेवली होती."

सुमंती. तिच्यासाठीच खरं तर आज हे सगळं बोलायला बसलेय. रांचीकडच्या गावातली पोर. 'मी तिचा मामा' म्हणवणाऱ्या कुणी तरी एका फ्लॅटमध्ये कामाला आणून सोडलेली. ते लोक सुट्टीला गेले तेव्हा तिला आत ठेवून बाहेरून कुलूप घालून गेले. शेजाऱ्यांनी दार वाजताना ऐकलं म्हणून पोलीस आले, आणि पोलिसांनी तिला तुमच्याकडे आणलं. पहिले कित्येक दिवस ती दाराला टेकून झोपायची, दार कुणी लावू नये म्हणून. माझ्या गणिताच्या तासालाही दारातच बसायची. हुशार आहे हो. त्रैराशिक तिला एकदा सांगितलं की पुरे.

अशा पोरीचा पुन्हा एक मामा उगवला. हा मात्र खरा, आईचा सख्खा भाऊ. गावाकडून तशी खात्री करून घेतली होती, समितीचाही कागद झाला होता. द्वारकेच्या एका सोसायटीत गार्ड. बूट चकचकीत, बोलणं कमी. सुमंतीने जाळीच्या दारातून बघून एवढंच सांगितलं, "ये वो वाला नहीं है." पाणी दिलं आणि वर निघून गेली. दुसऱ्या खेपेला मी नव्हते, आमच्याकडे पाहुणे होते. बिमलाजींनी सांगितलं, इथल्या स्वयंपाकीणबाईच त्या, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, की त्याही वेळी नुसतं पाणीच गेलं, आणि जाताना तो माणूस सिस्टरांशी आवाज चढवून बोलला. झालं. तेव्हापासून तो माझ्या मनातून उतरला.

आणि मग तुमचा तो शनिवारचा फोन. मागे कॉमेंट्री चालू होती. "सुमंतीच्या मामाबद्दल तुला एक सांगायचंय. हसशील मला." मी म्हटलं, सांगा की. "फोनवर नको. बुधवारी येशील तेव्हा." मी विचारलं, चांगलं की वाईट? तुम्ही म्हणालात, "ते तूच सांग," आणि कुणी तरी आउट झाला म्हणून फोन ठेवलात. बुधवारी मी आले ती थेट हॉस्पिटलात. तुमची अर्धी बाजू गेली होती, वाचा गेली होती. बाकीच्या सिस्टर उशाशी बसून प्रार्थना म्हणत होत्या, आणि मी, देवाचं नाव घ्यायचं सोडून, तुमच्या कानाशी लागून विचारत होते, "सिस्टर, सुमंतीच्या मामाचं काय?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ओठांचा एक कोपरा हलला. हसत होतात की सांगत होतात की मला पळवून लावत होतात, मला कळलं नाही. मला फार राग आला तुमचा. अजून आहे.

तुमची माती झाली त्याच आठवड्यात दुसरा रविवार आला. भेटायला येणारे शोकाला आलेत की मुलींना बघायला, काही कळेना. अंगणात सतरंज्या. सिस्टर लिसींनी मोठ्या मनाने बिमलाजींना सांगितलं, मोठं पातेलं चढवा, सगळ्यांना चहा द्या, एवढ्या लांबून लोक आलेत. त्यांचं काय चुकलं? कुठल्याही घरात हेच करतील. तुमच्या घरात चहा म्हणजे काय असतो ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही काही लिहून ठेवणाऱ्यातल्या नव्हतात, आणि मी रडण्यात गुंग. मी मागल्या दारी तोंड धुऊन परत आले तर सुमंती ट्रे घेऊन रांगेने चहा देत होती. आणि रांगेत तिचा मामा बसला होता. तिने त्याच्यापुढे ट्रे धरला. त्याने कप घेतला.

हा चहा तिने दिला की तिच्याकडून देववला? मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि जे तुम्ही आयुष्यभर केलं नाहीत ते केलं, सरळ विचारलं. "सुमंती, मामा के साथ जाना है तुझे?" तिने खाली मान घातली. "जी, जैसा आप बोलें." तुम्ही सांगितलं होतंत अगदी तस्संच. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

बाहेर येऊन बघते तर मामाने कप कठड्यावर तसाच ठेवलेला, वर साय धरलेली. एक घोटही घेतला नव्हता. मी म्हटलं, बघा मिजास. मयताच्या घरचा चहा, तोही ह्याला चालत नाही. सिस्टर लिसी त्याचा कागद बघत होत्या. मी मध्ये पडून सांगितलं, "सिस्टर नहीं रहीं भैया, दस्तख़त कौन करेगा, अगले महीने आइए." मला वाटलं आता हा आवाज चढवणार. पण तो उठला, हात जोडले, "ठीक है मैडम," म्हणाला आणि चालू पडला. इतक्या सहज ऐकलं म्हणून मला तो जास्तच लबाड वाटला. हा महिना मी कसा काढला ते हे सांगतील. झोपेत "कागद, कागद" म्हणत होते म्हणे.

सिस्टर लिसींशी वाद झाला तो त्याच संध्याकाळी. त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "आंटी, ये तो झूठ बोलना हुआ. रिश्तेदार को साफ़ बता देना चाहिए न." सिस्टर, माझंच वाक्य. मी इतकी वर्षं तुम्हाला ऐकवलेलं, जसंच्या तसं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बता देंगे तो बच्ची पर ज़ोर डालेंगे. फिर वो चाय किस काम की?" तुमच्याच तोऱ्यात म्हटलं मी, हात कमरेवर ठेवून. बिमलाजी भांडी घासता घासता थांबून बघायला लागल्या. लिसी शेवटी म्हणाल्या, एकदा तुमच्या म्हणण्याप्रमाणे करून बघू. गोड आहेत त्या. तुम्हाला आवडल्या असत्या, वेण्या सैल घालतात एवढं सोडलं तर.

तर ह्या महिन्याचा दुसरा रविवार. मी सकाळपासून तुमच्या स्वयंपाकघरात होते. दूध बघितलं. साखर बघितली. पत्तीचा डबा उघडून वास घेतला. सिलिंडर हलवून बघितला, लायटर दोनदा पेटवला. घासलेला खलबत्ता ओट्यावर हाताशी ठेवला. बिमलाजी वैतागून म्हणाल्या, "बारात आ रही है क्या?" मग मी तुमच्या खुर्चीत जाऊन बसले.

तो आला. तेच चकचकीत बूट. सुमंतीने पाणी आणलं, आणि ह्या वेळी ती जरा थांबली असं मला वाटलं. वाटलं असेल, खरं खोटं देव जाणे. ती आत गेली. मी बसच्या वेळांबद्दल बोलायला लागले, तुमच्यासारखं. कान मात्र आत. डबा उघडल्याचा आवाज आला. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. आणि मग जिन्यावर पावलं, वर जाणारी.

मी घसा साफ केला. "भैया, वो कागज़..." त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. पाण्याचा ग्लास खाली ठेवून हळूच म्हणाला, "रहने दीजिए मैडम. चाय नहीं आई न. मुझे मालूम है."

तो सांगायला लागला. दुसऱ्या खेपेला तो तुमच्यावर चिडला होता. कसले लोक तुम्ही, इतक्या लांबून माणूस येतो, चहासुद्धा विचारत नाही. "तो सिस्टर हँस दीं. बोलीं, जिस दिन सुमंती अदरक कूट के चाय लाए, उस दिन ले जाना. और उससे कभी कहना मत. मैंने नहीं कहा मैडम, अपनी घरवाली तक को नहीं." मी विचारलं, मग त्या दिवशी, सिस्टर गेल्या तेव्हा? त्या दिवशी तर चहा मिळाला होता तुम्हाला. तो बुटांकडे बघत म्हणाला, "वो तो सबको मिली थी. वो मैंने नहीं गिनी."

म्हणजे बुधवारी तुम्ही मला हे सांगणार होतात. की इतकी वर्षं भांडून शेवटी तुम्ही माझं ऐकलंत. एका माणसाला खरं सांगून बघितलंत. हसशील मला, म्हणालात. सिस्टर, हसले नसते हो मी. चार दिवस मिरवलं असतं, सगळ्या मंडळात सांगितलं असतं, पण हसले नसते. तुम्ही माझी बाजू घेऊन गेलात आणि मी इथे तुमची बाजू घेऊन सिस्टर लिसींशी भांडत बसले होते. आता वाद घालायचा तरी कुणाशी?

तो गेला. "अगले महीने आऊँगा," म्हणाला. फाटकाशी दुसऱ्या कुणा पाहुण्याने त्याला काही विचारलं असावं, कारण तो हसून म्हणालेला मी ऐकलं, "पानी मिलेगा भाई, चाय की उम्मीद मत रखना." मी चिक्कू ठरले, सिस्टर. मला बरं वाटलं.

तेवढ्यात सुमंती खाली आली. रिकामा ग्लास ट्रेमध्ये ठेवता ठेवता माझ्याकडे न बघता म्हणाली, "आंटी, डिब्बे में अदरक नहीं था."

मी धावत फाटकापर्यंत गेले. वहाणही एकाच पायात होती. बस निघून गेली होती, नुसती धूळ उरली होती. परत येऊन आल्याचा डबा उघडला, तर तळाशी एक वाळकी साल. दूध, साखर, पत्ती, गॅस, सगळं दोन-दोनदा बघितलं मी, आणि आलंच बघितलं नाही. बिमलाजी म्हणाल्या, पातेलंभर चहात असतं कुठे आलं, त्या दिवसापासून कुणी आणलंच नाही. आता ती पोर चहा करणार होती आणि बिनआल्याचा गिनत नाहीत म्हणून वर गेली, की तिने आपलं सहज सांगितलं, मला काय माहीत. विचारावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला सोसायटीत फोन करून सांगावंसं वाटलं. तुम्ही म्हणाला असतात, चहा काय फोनवरून पाजणार आहेस का. तेव्हा तेही केलं नाही.

तो पुन्हा येईल ना, सिस्टर? चांगला असेल तो परत येतो, तुम्हीच म्हणायचात. मी आलं आणून ठेवलंय. पावभर फ्रिजमध्ये, थोडं बिमलाजींच्या डब्यात, आणि एक गड्डा तुमच्या खुर्चीजवळच्या कुंडीत वाळूत पुरून, सुकू नये म्हणून.